दाराबाहेरची अकरा मिनिटं

प्रयोग चारचा होता आणि मी दीड वाजल्यापासून शिडीवर होते. खरं तर शिडीवर माझं काही काम उरलं नव्हतं. दिवे टांगून झाले होते, वायरी ओढून झाल्या होत्या, मागच्या काचेच्या खोलीत जाऊन दिव्यांचे सगळे फेडर दोनदा वरखाली करून झाले होते. तरी मी डावीकडचा एक दिवा सैल करायचे, इंचभर फिरवायचे आणि पुन्हा आवळायचे. शेवटी खालून नवरा म्हणाला, "अगं, त्या दिव्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"त्यानं नाही मारलं. तू मारणार आहेस," मी वरून म्हटलं.

तो हसला. चिडलेल्या बायकोकडे बघून हसणारा नवरा शिडीच्या टोकावरून कसा दिसतो, हे सांगण्यासारखं नाही. माझ्या हातात पाना होता. मी तो खिशात घातला.

आमची कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. तो नट आणि बाकी सगळी मी. संहिता माझी, दिवे माझे, 'कृपया मोबाईल बंद ठेवा' हा माइकवरचा आवाज माझा, आणि प्रयोग संपल्यावर लोक हात मिळवायला जातात ते त्याच्याकडे. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

त्याचा हा एकपात्री प्रयोग एका जुन्या दंतकथेवर आहे. सातआठशे वर्षांपूर्वीची म्हणतात. तटबंदीचं एक शहर, त्याला एकच दरवाजा. बाहेर साथ पसरते. राजा हुकूम काढतो, चाळीस दिवस दार उघडायचं नाही, कुणासाठीही नाही. किल्ली दरवानाच्या कमरेला. विसाव्या दिवशी त्याची आई लांबच्या गावाहून चालत येते आणि दाराबाहेर थांबते. तो दार उघडत नाही. चाळिसाव्या दिवशी उघडतो तेव्हा बाहेर कुणी नसतं. शहर वाचतं, राजा दरवानाला सोन्याचं कडं देतो, संपली गोष्ट. मूळ गोष्टीत आईला एक शब्द नाही. बाई वीस दिवस दाराबाहेर होती, पण शेकडो वर्षं ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी एकालाही ती काय बोलली असेल असा प्रश्न पडला नाही. तेवढं मी लिहिलं. अकरा मिनिटांचा प्रवेश. नवरा डावीकडच्या बुटक्या स्टुलावर बसतो, तिथे तो आई असतो. मान वळवून तो दरवान म्हणून उत्तर देतो. वरून एकच दिवा, तोच, ज्याच्या मी हात धुऊन मागे लागले होते.

आणि गेल्या चार प्रयोगांत हा प्रवेश त्यानं दोनदा गाळला होता.

मुद्दाम नाही, हे मलाही कळतं. चूक माझीच म्हणायची. 'किल्ली माझ्याकडे आहे, पण दार माझं नाही,' हे वाक्य दरवान दोनदा म्हणतो. एकदा आई येण्याआधी, शिपायांना. दुसऱ्यांदा आई बोलायची थांबल्यावर, स्वतःशी. दोनदा लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पण एकशे चाळीस प्रयोगांनंतर नटाची जीभ विचारून चालत नाही. ती त्या वाक्यावर येते, तिला वाटतं आपण दुसऱ्यांदा आलो, आणि ती सरळ पुढे जाते. 'चाळिसाव्या दिवशी सकाळी...' झालं. मधली आई गायब. चार नटांच्या नाटकात एक घसरला तर दुसरा काहीतरी बोलून त्याला मागे आणतो. एकट्याला कोण आणणार? मी मागे काचेआड. मला तोंड नाही, फक्त दिवे आहेत. तो पुढे गेला की मलाही निमूट पुढचा दिवा द्यावा लागतो, कारण नटाला अंधारात सोडायचं नाही हा आमच्या कामातला पहिला धडा.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल, तर दोन्ही वेळा कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही याचा. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

दोन वाजता मी त्याला मेकअपरूममध्ये गाठलं. तो आरशासमोर गालाला रंग थापत होता.

"आज आई येतेय," मी म्हटलं.

"माहितीये की. पाचवी रांग, कडेची खुर्ची. शंभरदा सांगितलंस."

"आज तो प्रवेश खाल्लास ना, तर बघ."

"नाही खाणार गं बाई. आणि एवढीच धाकधूक आहे तर दुसरं वाक्य बदलून दे."

"दिलं होतं. तालमीत नवं म्हणालास आणि प्रयोगात जुनं."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "एवढं काय आहे त्या प्रवेशात? तीन वर्षांत तू कधी अशी हटून बसली नाहीस."

मी बसलेच नव्हते, उभी होते, आणि माझा उजवा पाय आपोआप हलत होता. "काही नाही. आईनं बघावं असं वाटतं," म्हटलं आणि बाहेर पडले. त्याला मी हे कधीच सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं तर गोष्ट अगदी लहान आहे.

नऊ वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी, आई आमच्याकडे आली. न कळवता. चार तासांचा बसप्रवास करून, तीन जिने चढून. आमच्या दीड खोलीत तेव्हा तालीम चालली होती. पाच नट, लाकडी तलवारी, आणि जागा व्हावी म्हणून सोफा दारामागे आडवा लावलेला. त्यामुळे दार अर्धंच उघडलं. हे खरं आहे. सोफा सरकवता आला असता, हेही खरं आहे. आई बाहेर बॅग घेऊन. मी फटीत उभी राहून म्हटलं, "सध्या नको गं आई. पाय ठेवायला जागा नाही बघ. महिनाभर दादाकडे राहा, मग मी येते तुला घ्यायला." मागे नवरा सोफ्याच्या पाठीवर चढून सेनापतीचं भाषण ठोकत होता. आईनं एका शब्दानं मला आत घे म्हटलं नाही. जेवलात का विचारलं. नळाला पाणी येतं का विचारलं. जिन्यातला तिसरा दिवा गेलाय, कुणाला तरी सांग म्हणाली. मग म्हणाली, "बरं. तुझं चालू दे." आणि गेली.

मी घ्यायला गेले नाही. त्या महिन्यात नाटक उभं राहिलं, पुढच्या महिन्यात पडलं, मग दुसरं आलं. आई दादाकडेच राहिली. आम्ही फोनवर बोलायचो, वर्षातून एकदोनदा मी जाऊनही यायचे, पाहुणी म्हणून. तिनं कधी विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. जे तोंडानं जमलं नाही ते मी दरवानाच्या आईच्या तोंडी घातलं. आता तिनं ते एकदा ऐकावं, एवढीच माझी मागणी होती. तीन वर्षं तिचे गुडघे, वहिनीचं आजारपण, दादाच्या बदल्या आड येत होत्या. आज कुठे ती एकटी बसनं निघाली होती, साडेसहाच्या बसचं परतीचं तिकीट काढूनच. पुन्हा केव्हा येईल, देव जाणे.

पावणेचारला मी काचेतून तिला पाहिलं. चेहरा नाही, पाठमोरीच. पांढरा अंबाडा, बिस्किटी रंगाचा स्वेटर. शेजारच्या खुर्चीवर तिनं काही ठेवलं नव्हतं. तिसरी घंटा मीच दिली. मोबाईल बंद ठेवायला सांगताना माझा आवाज मलाच चिरका वाटला.

पहिली तीस मिनिटं नवरा असा काही रंगला होता की मला थोडं हायसं वाटलं. राजा झाला, वैद्य झाला, साथीला घाबरलेला सावकार झाला. लोक खो खो हसले. माझे हात दिव्यांचे क्यू एकामागून एक देत होते, डोळे मात्र त्या अंबाड्यावर. हसताना तो हलतोय का? हलला. एकदा तिनं रुमाल काढला, नाक पुसलं आणि परत ठेवला.

एकतिसाव्या मिनिटाला शिपाई गेले. दरवान कमरेची किल्ली चाचपत पुढे आला.

"किल्ली माझ्याकडे आहे," नवरा म्हणाला, "पण दार माझं नाही."

आता डावीकडे वळ. वळ रे बाबा. एक पाऊल डावीकडे टाक. मी बोटं बाविसाव्या क्यूवर, स्टुलावरच्या दिव्यावर, ठेवली.

तो उजवीकडे वळला. "चाळिसाव्या दिवशी सकाळी..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचा क्यू तेविसावा, सकाळचं पिवळं ऊन, संपूर्ण रंगमंचावर. माझं बोट सवयीनं तिकडे गेलंही. आणि मी ते मागे घेतलं. देणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे. मी बाविसावा दिला. सगळा रंगमंच काळोखात गेला आणि डावीकडच्या रिकाम्या स्टुलावर तेवढा उजेड पडला.

अंधारातून त्याचा आवाज आला, जरा चढा. "चाळिसाव्या दिवशी सकाळी!"

मी हलले नाही. स्टूल उजेडात, तो काळोखात. प्रेक्षकांना वाटलं असेल, वा, काय कल्पना आहे.  तीन सेकंद. चार. मग त्याच्या लक्षात आलं. मला त्याची पावलं ओळखू येतात, तो चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा हळू चालत आला आणि स्टुलावर टेकला. उजेडात त्याचा चेहरा दिसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याला एक शब्द आठवत नव्हता. गोष्टीत पुढे गेलेला नट मागे आला की असंच होतं, त्याला कुठून सुरुवात करायची तेच सापडत नाही. ओठ उघडले, मिटले. दातखीळ बसल्यासारखा तो नुसता काचेकडे, माझ्याकडे बघत राहिला.

सात. आठ. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

घोषणेचा माइक माझ्या उजव्या हाताला होता. मी बटण दाबलं.

"जेवलास का?" मी म्हटलं.

माझा आवाज छतातल्या कर्ण्यांतून सगळ्या हॉलभर पडला. नवऱ्यानं मान वर केली. नट म्हणून तो किती मोठा आहे ते मी घरी कबूल करत नाही, पण त्या क्षणी तो उठला, स्टूल सोडून अंधारात दाराच्या जागी गेला आणि तिथून म्हणाला, "जेवलो, आई."

"खोटं बोलतोस. तुझा आवाज उपाशी माणसाचा आहे."

"पहारा संपला की जेवतो."

"किल्ली कमरेला लागत असेल रे. मधे एखादी चिंधी घालून बांध."

स्टूल रिकामं आणि मी त्याच्या जागी बोलत होते. कागद समोर होता, पण मला तो वाचावा लागला नाही. इकडे ऊन चांगलं असतं. तटाला बाहेरून मुंग्या लागल्यात, कुणाला तरी सांग. शेजारणीनं तुझी आठवण काढली. एकेक वाक्य मी त्या अंबाड्याकडे बघून सोडत होते. तो हलत नव्हता. मघासारखा रुमाल निघाला नाही. मला पळत जाऊन तिच्या समोर उभं राहावं, तिचं तोंड बघावं असं वाटत होतं आणि बोट बटणावरून काढता येत नव्हतं. काढलं असतं तर दरवानाची आई मुकी झाली असती, पुन्हा एकदा.

शेवटचं वाक्य आलं.  पूर्ण हॉलनं माझं आवंढा गिळणं ऐकलं असणार.

"बरं," मी म्हटलं. "तुझं चालू दे."

 मग अंधारातून नवरा अगदी हळू म्हणाला, "किल्ली माझ्याकडे आहे, पण दार माझं नाही." आणि मी त्याला ऊन दिलं.

टाळ्या पडल्या, पडदा पडला, लोक निघाले. मी लोखंडी जिना दोनदोन पायऱ्या करत उतरले. आई रंगमंचासमोर उभी राहून त्या स्टुलाकडे बघत होती. नवरा अर्धा चेहरा पुसून, अर्धा रंगलेला, तिच्याशी काहीतरी बोलायच्या खटपटीत होता.

"जावईबापू, राजा झालात तेव्हा पोट आत घ्या जरा," ती त्याला म्हणत होती. मग माझ्याकडे वळली. "घसा बसलाय का गं तुझा? गरम पाणी पी."

"आई," मी म्हटलं. दम लागला होता. "आई, ती बाई तू आहेस."

"कळलं की. मी काय बहिरी आहे?"

नवरा माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. त्याला त्या घटकेला सेनापतीचं भाषण आठवलं असावं, कारण तो रुमाल शोधायच्या निमित्तानं आत निघून गेला.

आई पुन्हा स्टुलाकडे बघायला लागली. रागावली होती म्हणावं तर नाही. काहीतरी जुळवून पाहत होती.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "एवढंच, की तिला स्टूल दिलंस. मी उभी होते."

मी स्टुलाकडे पाहिलं.

"बॅग खाली ठेवावी की नको, हेच चाललं होतं तेव्हा माझ्या डोक्यात. बाकी तुझं बोलणं मला अर्धं ऐकूच आलं नाही. जड होती गं. पण ठेवली असती तर तुला वाटलं असतं, ही राहायलाच आली. तुला नाही म्हणायला आणखी जड गेलं असतं. म्हणून नाही ठेवली." तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चल, निघते. बस चुकेल."

"आज घरी चल. राहायला."

"आज बॅग नाही आणली."

ती हे टोचून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला निदान चिडता आलं असतं. पण ती नुसतं खरं सांगत होती. खांद्याला एक छोटी पर्स, त्यात चष्मा, तिकीट आणि गोळ्या. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती रिकाम्या हातांनी आली होती, आणि मी नऊ वर्षं तिला आठवण नसेल अशा आशेवर काढली होती. मला स्वतःची लाज वाटली. अगदी साधी, शाळेत पकडलं गेल्यावर वाटते तशी.

"मग मी येते," मी म्हटलं. "बॅग घ्यायला."

"कधी?"

"आत्ता. तुझ्याबरोबर."

"आणि हे सगळं कोण काढणार?" तिनं वरच्या दिव्यांकडे बोट केलं. सोळा दिवे, चार वायरींची भेंडोळी, डिमर. तीन वर्षांत मी शेवटची वायर स्वतः गुंडाळल्याशिवाय कुठलंही नाट्यगृह सोडलेलं नाही. नवऱ्याला तर प्लग कुठल्या बाजूनं धरायचा हेही माहीत नव्हतं.

"राजा काढेल," मी म्हटलं.

साडेसहाची बस गच्च भरली होती. आईची जागा खिडकीशी, तिकिटावर छापलेली. माझी कुठेच नव्हती. कंडक्टर म्हणाला, उभं राहावं लागेल. मी म्हटलं, चालेल. बस सुटायच्या आत नवऱ्याचा फोन आला, निळी वायर आधी की काळी? मी सांगितलं. पाच मिनिटांत पुन्हा आला, शिडीची घडी कशी करायची? तेही सांगितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ओरडायच्या बेतात होते, पण तो काही विचारायला नव्हता. "सोफा दारामागून पुढे ओढून ठेवतो," एवढं म्हणाला आणि ठेवून दिला. आमच्या दारामागे आता सोफा नाही, कपाट आहे. 

"चार तास उभी राहणार?" आईनं खालून विचारलं.

"हो."

"मी येईनच असं नाही हं. तिकडे माझी खोली आहे, औषधं आहेत, संध्याकाळची मंडळी आहेत पत्ते खेळायला. उद्या बघू."

"बघू," मी म्हटलं. "नाही म्हणालीस तर एकटी परत येईन. पण घ्यायला आले होते, हे तरी होईल."

 बस वळली, मी वरचा दांडा पकडला. माझ्या खांद्यावर कामाची बॅग होती. पाना, चिकटपट्ट्या, क्यूंची वही, सगळं मिळून आठदहा किलो. गडबडीत ती तशीच घेऊन निघाले होते आणि प्रत्येक वळणाला ती मला एकीकडे ओढत होती. आई थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं पर्स बाजूला सरकवली, मांडी मोकळी केली आणि हात वर केला.

"बॅग दे इकडे," ती म्हणाली. "उभ्या माणसानं किती वेळ धरायची?"